नेट्टा स्लेसरची दोन मतं

पोर्टगॅरीच्या मासळी कारखान्यात नेट्टा स्लेसर माझ्या शेजारी उभी राहून हॅडॉक चिरायची. सुरीपेक्षा तिची जीभ धारदार, आणि ती चालायची आमचा आमदार स्ट्रुअन गेडीस याच्यावर. गावातल्या इस्पितळाचा प्रसूती विभाग बंद करायला त्यानं एडिनबराला स्कॉटलंडच्या संसदेत मत दिलं होतं. पुढच्याच हिवाळ्यात नेट्टाची लेक मोराग ॲबर्डीनच्या इस्पितळाकडे जाताना बर्फात अडकलेल्या गाडीत बाळंत झाली. बाळ वाचलं, पण मोराग गाव सोडून ॲबर्डीनला गेली ती गेलीच.

निवडणूक लागली तसा गेडीस नेट्टाच्या दारात आला. मी तिथंच होते.

"नेट्टा, आत तरी बोलव. चहा पाजशील की नाही?"

"चहा ॲबर्डीनला मिळतो. वाटेत कळा आल्या तर गाडी बाजूला घे."

तिनं दार लावलं. त्या दिवसापासून कारखाना सुटला की ती त्याच्याविरुद्ध दारोदार फिरू लागली.

मतदानाला चर्चच्या हॉलमध्ये दोघी गेलो. हातात दोन मतपत्रिका आल्या. जांभळ्या कागदावर मतदारसंघातले उमेदवार होते. नेट्टानं गेडीसला पाडू शकेल अशा बाईच्या नावापुढे फुली मारली. दुसरीवर पक्षांची नावं. तिथं तिची फुली गेडीसच्याच पक्षाला. तिचे वडील हयातभर त्या पक्षाचे होते.

"माणूस नासका निघाला म्हणून पक्ष कसा सोडू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेडीस पडल्याची बातमी आली. नेट्टानं टेबलावर सुरीची मूठ आपटली आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

संध्याकाळी आसपासचे मतदारसंघ मिळून होणाऱ्या सगळ्या प्रांताचा निकाल लागला. दुसऱ्या कागदावरच्या मतांच्या मानानं गेडीसच्या पक्षाला जागा कमी पडल्या होत्या, म्हणून त्यांना पक्षाच्या यादीतून भरपाईच्या जागा मिळाल्या. यादीत पहिलं नाव गेडीसचं, म्हणजे तो पुन्हा आमदार.

"अगं, त्याला तर आपण पाडला," नेट्टा म्हणाली.

"जांभळ्या कागदावर पाडलास. दुसऱ्यावर परत घेतलास."

"त्यावर त्याचं नाव कुठं होतं?"

"नावं पक्ष आधीच लावून ठेवतो. यादी हॉलच्या भिंतीवर होती."

"आणि तू बघत उभी होतीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

तिनं एप्रन काढून भिंतीवर फेकला. मला तिथंच सोडून ती घरी निघाली.

आठवड्यानं गेडीस बेकरीत भेटला. "तुमची गाऱ्हाणी आता नव्या बाईंकडे न्या," तो गोड हसून म्हणाला. "माझ्याकडे आता अख्खा प्रांत आहे."

"मी त्या प्रांतातच राहते," नेट्टा म्हणाली. "तुला मत दिलंय मी. ते वसूल करणार."

तेव्हापासून तो वाचनालयात लोकांना भेटायला बसला की ती कामाच्या बुटांत, मासळीच्या वासासकट पहिल्या खुर्चीवर असते. प्रसूती विभाग कधी उघडणार, एवढंच विचारते. तो बजेटचं सांगतो. ती त्याला खोटारडा म्हणते, तो तिला बाहेर जायला सांगतो, आणि ती पुढचं माणूस येईपर्यंत हलत नाही.

प्रसूती विभाग अजून बंदच आहे.