यशोदाकाकीचं परडं

यशोदाकाकीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, हरतालिकेच्या दुपारी, ती वरच्या वाडीत पूजेला गेली असताना. तिच्या घरामागचं भाजीपाल्याचं परडं सपाट करून त्यावर पेव्हर ब्लॉक घातले गेले. घालून घेणारा तिचा सख्खा मुलगा, सतीश. हे मी नावानिशी लिहिते, कारण वाडीत सगळे ‘पोरानं आईसाठी केवढं केलं’ असंच म्हणतात, आणि उलट सांगायला आता काकी नाही.

लांज्याच्या अलीकडे, महामार्गापासून आत आमची वाडी. काकी आमची शेजारीण. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला, घरात एकटी. सकाळी चहाच्याही आधी ती खुरपं घेऊन परड्यात उतरायची आणि झाडांना शिव्या घालायची. “काय गो भवाने, नुसती पानंच काढत बसणार? पोरं कधी व्हायची तुला?” हे पडवळीला. त्या दिवशी जे हाताला लागेल तेच चुलीवर. आषाढात कुंपणाकडेचा टाकळा, श्रावणात अळू आणि लाल माठ, थंडीत पावटे नि करांदे. मी एकदा भर उन्हाळ्यात म्हटलं, “काकी, आज अळूचं फदफदं कर ना.” ती म्हणाली, “अळवाला विचारून ये. येतो म्हणाला तर करते.”

मी तेव्हा ‘ऋतूचं खा, मातीतलं खा’ अशी पत्रकं एसटी स्टँडवर वाटत फिरायची. अजूनही फिरते. पहिलं पत्रक मी तिला ओटीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. “चांगलं लिवलंस गो बाय. नुसतं खा खा लिवलंस. शिजवायचं कसं?” आणि त्याच पत्रकात अळूची पानं गुंडाळून माझ्या हातात दिली. “जा, आयशीला दे. आमसूल घाल म्हणावं, न्हायतर घसा खाजेल.” पुढच्या पत्रकात मी घोषणा कमी केल्या आणि तिच्या टाकळ्याच्या भाजीची कृती छापली.

तिचा खरा दिवस ऋषिपंचमीचा. गणपती आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ऋषीची भाजी होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, माणसानं हातानं खणून पिकवलेलंच खायचं. काकी जेमतेम वाकू शकायची, तरी वाफे स्वतः खणायची. अळू, माठ, सुरण, भेंडी, पडवळ, मक्याचं कणीस, सगळं एका टोपात. फोडणी नाही. मिरची, आमसूल, वर ओलं खोबरं. दुपारी वाडी वाट्या घेऊन तिच्या दारात. कुणी “मसाला नाही तरी चव कशी गो?” म्हटलं की ती तळहात पुढे करायची. “हा काय मसाला. चाटतंस?”

मग ती हरतालिका. संध्याकाळी काकी पूजेहून परतली. गणपतीसाठी आलेला सतीश मागच्या दाराशी उभा. “आई, डोळे मीट.” ती हसत हसत डोळे मिटून, त्याचा हात धरून मागे गेली. “आता उघड.” मी कुंपणापलीकडे होते. तिनं डोळे उघडले आणि पायानं एक ब्लॉक चाचपून पाहिला.

“आषाढात चिखलात घसरलीस ना?” सतीश म्हणाला. “परत पडलीस तर मी मुंबईहून येईपर्यंत कोण बघणार तुला? आता कसं चकाचक. खुर्ची टाक, बस.”

“बरं केलंस,” काकी म्हणाली. मग हळूच, “सुरण काढून ठेवलास?”

“कसला सुरण?”

ऋषिपंचमीला सकाळी सतीश बाजारातून दोन पिशव्या भरून भाजी घेऊन आला. घाटावरची, ट्रकनं आलेली. काकीनं एक भेंडी उचलली आणि परत पिशवीत ठेवली. तो कळवळून म्हणाला, “अगं, चालते ही. ट्रॅक्टरनं नांगरतात तिकडे. बैल नाहीच!”

“बैल न्हाय,” ती म्हणाली, “पण मी तरी खंय हाय त्यात?”

दुपारी वाट्या आल्या. तिनं त्या रिकाम्याच परत पाठवल्या.

मी भडकले. सतीश मुंबईला परतल्यावर म्हटलं, “मी फोन करते त्याला. उखडून टाकू सगळं.” ती माझ्यावरच उखडली. “गप ऱ्हव. पोरानं मायेनं घातलंय. त्याला कळलं तर तोंड कुठं लपवील तो?” त्यानंतर ती रोज मागच्या पायरीवर बसायची. मोरीच्या कडेला, दोन ब्लॉकच्या फटीतून अळूचा एक कोंब वर आला होता. भांडी विसळलेलं पाणी ती त्यालाच घालायची. सतीश दुकानदाराला सांगून फ्लॉवर, ढोबळी मिरची पाठवायचा. ती भाजी आमच्या गोठ्यात गुरांपुढे यायची. काकी पेजेवर राहू लागली. “चव लागत न्हाय गो,” एवढंच म्हणायची. मार्गशीर्षात गेली. फरशीनं माणूस मरत नाही, असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत. मी तिला रोज त्या पायरीवर बघितलंय.

तेराव्याला माणसं पांगल्यावर सतीश त्या फरशीवर उकिडवा बसला होता. मला बघून म्हणाला, “आई इथं काय काय लावायची गं?”

मी एकेक नाव सांगत गेले. तो बोटानं जागा दाखवत राहिला, “हे इथं? का तिथं?” पावट्यांपाशी मीही खाली बसले.

हे वाचणाऱ्या चाकरमान्यांनो, गणपतीला गावी निघण्याआधी घरी फोन करा. ‘जेवलीस का’ एवढं विचारून ठेवू नका. परड्यात काय लावलंयस, ते विचारा. ती सांगायला लागली की मध्ये बोलू नका. आणि ते सगळं ऐकून होईपर्यंत गवंड्याला बोलावू नका.