शिक्क्याबाहेरचं कडवं

शाहिरांना सगळे शाहीरच म्हणत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रावर ठेकेदाराकडे कोळसा उतरवायचं काम, आणि सुटीच्या दिवशी डफ घेऊन जवळपासच्या गावांत कार्यक्रम. गाणी स्वतःची, चालीही स्वतःच्या. आमच्या वसाहतीत जयंतीला त्यांचीच गाणी ऐकत मी वाढले. नव्वदच्या दशकाअखेरीस त्यांच्या कलापथकाला सरकारी प्रचाराचं काम मिळालं. कार्यालयाचं पत्र दाखवलं की ठेकेदार रजा देऊ लागला. पन्नाशी गाठलेल्या माणसाला पहिल्यांदाच महिन्यातले पंधरा दिवस नुसतं गाणं करायला मिळत होतं. तेव्हाच मी त्यांच्यामागे झील धरायला, म्हणजे त्यांनी टाकलेली ओळ मागून उचलायला, उभी राहिले. एरवी माझं काम पत्रकं काढण्याचं. मोर्चा, निवेदन, निषेध, काहीही सांगा, चार परिच्छेदांत तयार. शाहीर मला पत्रकवालीच म्हणायचे.

सरकारी गाण्यावर शिक्का लागायचा. खराखुरा, गोल, जांभळा. गाणं कागदावर लिहून न्यायचं, कार्यालयातले साहेब वाचणार, दोन शब्द खोडणार, मग शिक्का. जन्मात एक ओळ न रचलेला माणूस तीस वर्षं गाणाऱ्या माणसाचे शब्द लाल शाईनं खोडत होता, आणि याला म्हणे मान्यता म्हणायचं. माझं डोकं फिरायचं. शाहीर शांत असायचे. त्यांची वाट निराळी होती. गावात पोचलं की ते आधी पारावर बसत, चहा घेत, "काय चाललंय?" म्हणून विचारत. शिक्क्याचं गाणं संपलं की शेवटी एक कडवं तिथल्या तिथे जोडत. त्या गावचं, त्या गावापुरतं. ते कागदावर उतरवायचं नाही, दुसरीकडे म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम.

मला तो नियम म्हणजे सरळ सरळ घाबरटपणा वाटायचा.

चांदवडकडच्या एका गावात आम्ही हात धुण्याचं गाणं घेऊन गेलो. भर उन्हाळा, हंड्यांची रांग रस्त्यापर्यंत. गाणं रंगात असताना रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हात धुतो की शाहीर. पाणी आणलंय का संगं?"

"साबण आणलाय, मावशी."

"मंग त्यो चाटू का?"

सगळी रांग हसली. शाहीरही हसले, डफावर दोन थापा टाकल्या आणि सुरू झाले:

साबणाची वडी दिली, हात धुवा म्हणती,
टँकर वळतो मळ्याकडं, हंडे उन्हात तापती,
आधी पाणी दावा साहेब, मग दावू हाताची माती.

मळा कुणाचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांनी ते कडवं चार वेळा म्हणायला लावलं.

परतताना एसटीत मी ते वहीत उतरवून घेतलं. शाहीर बघत होते. "नको," एवढंच म्हणाले. मी ऐकलं नाही. आठवड्याभरात टँकरवर पत्रक काढलं, वर ते कडवं, खाली कलापथकाचं नाव. गावात वाटलं, आणि शहाणपणा असा की कार्यालयाच्या दारातही वाटलं.

बोलावणं आलं. जाताना मी शाहिरांना बजावलं, कडवं माझं आहे म्हणून सांगू.

साहेबांनी पत्रक पुढे सरकवलं. "हे मंजूर गाण्यात आहे?"

"नाय साहेब."

"मग लिहून द्या. आम्ही हे गायलो नाही, या बाईनं परस्पर छापलं. दोन ओळी लिहा, विषय मिटला."

"कडवं मी लिहिलंय," मी म्हणाले.

शाहिरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, हिची पत्रकं तुम्ही वाचलीत ना? हिला यमक जुळतं का?"

कोपऱ्यातला कारकून फसकन हसला आणि घाईनं फायलीत घुसला.

"म्हणजे तुमचं?"

"माझंच. चालपण माझीच. म्हणून दावू?"

कलापथक सरकारी पथकांच्या यादीतून गेलं. त्या अर्ध्या तासात टँकर कुठे वळतो, हे त्या खोलीत एकानंही विचारलं नाही. कागद कुणाचा, शिक्का कुठे, सही कोण करणार, एवढीच चौकशी. तहानलेल्या गावाला हात धुवायला शिकवणं हे काम, आणि पाणी मागणं हा गुन्हा.

बाहेर पायरीवर मी विचारलं, "दोन ओळी लिहून का नाही दिल्या?"

"लिहून दिलेलं त्या म्हातारीच्या कानावर जाणारच. तिला काय सांगू, मी म्हटलंच नाय?" मग चप्पल घालता घालता म्हणाले, "कडवं गावातच सोडलं असतं तर पुढच्या गावाला जाता आलं असतं, पत्रकवाले."

पुढच्या पाळीला ते कोळशावर हजर झाले. ते पंधरा दिवस परत कधी मिळाले नाहीत. माझ्या पत्रकानं टँकरही वळला नाही. साहेबांचा राग मला आजही येतो, पण त्यातला माझ्या वाटचा भाग मी कुठल्या निवेदनात लिहू?

हात धुण्याचं गाणं मात्र मंजूर गाण्यांच्या यादीत राहिलं. काही वर्षांनी ते कर्ण्यावर वाजवत सरकारी जीप आमच्या वसाहतीतून गेली. दुसऱ्याच कुणाचा तरी गुळगुळीत आवाज, मागे बँजो. शाहीर पाळीला निघाले होते. जीप वळेपर्यंत थांबून ऐकत राहिले.

"चाल ओढलीय लय," म्हणाले, आणि डबा उचलून चालू लागले.