बा 'जी' म्हणाला

"हात जोड. साहेब काय बी बोलला तरी जी म्हणायचं. दुसरा शब्द काढलास तर जीभ हासडीन."

पाटील माझ्या बाला भर चावडीवर असं बोलला. बा पायरीखाली उनात हुबा, वहाणा हातात. मी त्याची पोर, मागं. येडशीच्या रानातलं सागवान चोरीला गेलं म्हणून निजामाचा पोलीस, अमीन, आला व्हता.

अमीन उर्दूत बोलला, "तूने काटा?"

बा म्हणाला, "जी."

"अकेले ने?"

"जी."

वट्ट्यावरची मंडळी फिदीफिदी हसली. बा बी हसला. त्याला वाटलं, साहेब खूश झाला. तिथनंच बेड्या घालून न्हेलं त्याला.

आमी वेशीभाईरचे. आमच्यात जी म्हंजे ऐकतोय मालक, एवढंच. आमचा गुन्हा काय तेच आमाला कळंना. मग कापूस पिंजणारी मुसलमान मावशी, खाला, घरी आली. म्हणाली, "बेटी, जी बोले तो हौ होता. तेरे बाप ने हौ बोल दिया."

हौ म्हंजे व्हय. माझं डोकंच फिरलं. पाटील उर्दू शिकलेला. त्याला सगळं समजत व्हतं. एका शब्दात बाला सोडवता आलं असतं, पर त्यो हरामखोर पान चघळत बसला. सागवान त्याच्याच नव्या माडीला लागलं व्हतं.

बा तुरुंगातनं आला, पर बोलणंच सोडलं त्यानं. भूक लागली तरी सांगंना. मी खालाकडं कामाला बसले. कापूस पिंजता पिंजता तिची बोली उचलली.

पुन्हा झाड गेलं. पुन्हा अमीन आला, पुन्हा बाला बोलावणं. ह्या बारीला मी म्होरं झाले. पाटील गुरकावला, "बाईमाणसानं गप ऱ्हावं."

म्या त्याच्याकडं बघितलंच न्हाय. अमीनाला म्हणाले, "साब, मेरे बाप को उर्दू नै आती. मेरे को पूछो. उनो नै काटे. पाटील की माडी देखो."

अमीनानं माडी बघितली, पाटलाचं तोंड बघितलं, आन पाटलाच्याच घरी जेवाय गेला. पर बाला न्हेलं न्हाय.

तवापास्नं पाटलानं आमाला काम देणं बंद केलं. गाव मला तोंडाळ म्हणतं. म्हणू दे. आता आमच्या वस्तीतलं कुणाला बी बोलावणं आलं की मी संगं जाते. साहेबानं काय इचारलं ते आधी आमच्या बोलीत सांगते, मगच आमचा माणूस तोंड उघडतो. घर जाळीन म्हणून पाटलानं सांगावा धाडलाय. जाळू दे. उद्या शेजारच्या म्हाताऱ्याला बोलवलंय. मी जाणार हाय.