मावशींची वाळू

अर्नाळ्यात जन्म काढूनही जवळेवाल्या मावशी समुद्राकडे फारशा बघत नसत. नजर कायम पायाखाली. रविवारची सहलवाली गर्दी पांगली की कमरेत वाकून त्या घरासमोरची वाळू हातानं चाचपायच्या. सोमवारी सकाळी तिथंच जवळा, ती बारीक कोलंबी, विकण्यासाठी वाळत घालायचा असे. "नखाएवढी काच जवळ्यात गेली तर दिसायची नाय," त्या म्हणायच्या. "घास घेनाऱ्यालाच कळंल."

आमची ओळख माझ्या कर्तबगारीमुळे झाली. नव्वदच्या दशकातली आमच्या आचोळ्याच्या सोसायटीची सहल, आणि स्वच्छताप्रमुख मी. नेमणूक माझी मीच केलेली. जेवणं झाल्यावर मी गुडघाभर खड्डा खणला, फुटक्या बाटल्या त्यात पुरल्या आणि वरून वाळू थोपटू लागलो. मागून आवाज आला,

"काय पेरतोस रं भाऊ?"

"कचरा पुरतोय, मावशी. स्वच्छता!"

"पेर, पेर. भरती आली की उगवंल."

मग त्या उकरत होत्या आणि अख्ख्या सोसायटीदेखत मी काचा पाटीत टाकत होतो. बायको ओळख नसल्यासारखी लांब उभी राहिली.

शरमेनं म्हणा, मी रविवारी संध्याकाळी मदतीला जाऊ लागलो. पहिल्यांदा हातमोजे घालून गेलो, तर मावशी ओरडल्या, "आला गं बाय डॉक्टर!" मावशींचा नवरा गेलेला, मुलगा मुंबईत. "एवढी मानसं दारासमोर येतात," त्या एकदा म्हणाल्या, "पानी मागतात, बाटल्या टाकून जातात. नाव कोनी इचारत नाय."

मीही विचारलं नव्हतं. त्यानंतर विचारायची लाज वाटली.

पुढं माझे रविवार पाहुण्यांत, टीव्हीत आणि निव्वळ आळसात जाऊ लागले. चार महिन्यांनी एका सोमवारी सकाळी गेलो, तर वाळू मोकळी. मावशींनी जवळा घालणंच सोडलं होतं. जुन्या गिऱ्हाइकाच्या घासात काच आली होती, ओठ कापला होता.

"भांडला का?"

"नाय रं. काय बोललाच नाय. मग माझंच मन धजंना. डोळ्यांना आता दिसत नाय पयल्यासारखं."

इतके दिवस मला वाटत होतं, मी पुण्य करतोय. त्यांना माझे डोळे लागत होते.

कोरा चहा झाला. मी उठलो तशा त्या दारापर्यंत आल्या. "कचरा वेचायला नको येऊ आता. असाच ये."

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणालो.

मावशी सहलवाल्यांना सांगायच्या तशा हात करून म्हणाल्या, "यष्टी तिकडं थांबते."

कितीतरी रविवार तिथूनच एसटी पकडलेला मी "बरं" म्हणालो आणि निघालो. पुन्हा गेलो नाही.