शेजारची जागा

रविवारी मी वृद्धाश्रमात प्रार्थनेला जाते. मानसशास्त्र शिकलेली, म्हणून नंतर तिथल्या लोकांशी बोलत बसते. काल सतरंजीवर बसताना एक आजोबा हळूच सरकले आणि शेजारी माणसापुरती जागा ठेवली.

"कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही, ताई. हिचे गुडघे दुखायचे, उशिरा यायची. सवय राहिली."

त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. 'वास्तव स्वीकारा' हे माझं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं. पण ती जागा सोडून मी पलीकडे बसले.

माझा नवरा गेला तेव्हा आठवड्याभरात मी त्याची खुर्ची देऊन टाकली होती आणि ध्यानात, सेवेत स्वतःला गुंतवून घेतलं होतं. "ताई किती लवकर सावरल्या," असं सगळे म्हणाले, आणि मीही ते खरं मानलं.