समुद्रातून आलेला बॉयलर

माझं माहेर थळचं. लग्न होऊन मी बोर्ली पंचतनच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका लहानशा कोळीवाड्यात आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. वाड्याला गाडीरस्ता नव्हता. बाजाराला जायचं तर डोंगराची पायवाट, नाहीतर होडी. पुरुष कोळंबी आणायचे, आम्ही ती सोलून उन्हात वाळवायचो. विधवा सासूबाईंचा या कामातल्या सगळ्या बायांवर वचक होता.

अशा जागी कोळंबी डब्यांत भरायचा कारखाना निघाला. किनाऱ्यावर पत्र्याची शेड उभी राहिली, पण वाफेचा बॉयलर यायचा होता. एवढं धूड आणणार कुठून, असं सगळे विचारायचे. कारखान्याचे मिस्त्री शांतपणे म्हणायचे, "समुद्रातून. तरंगत येईल."

"लोखंड तरंगतं व्हय?" सासूबाई हसल्या.

उधाणाच्या भरतीला तो आला. दोन मचवे शिडं फुगवून पुढे, आणि मागे दोरखंडांना बांधलेलं काळंभोर काहीतरी, देवमाशासारखं. त्याची सगळी तोंडं बंद करून वर डांबर फासलं होतं. लाटा त्याच्या पाठीवरून घसरत होत्या आणि ते आपलं डुलत डुलत आमच्याकडे येत होतं. सासूबाईंनी नकळत हात जोडले.

पण किनाऱ्याला लागताच ते वाळूत रुतलं. पुरुषांनी खाली माडाचे ओंडके सरकवले, जीव खाऊन दोर ओढला. धूड हलेना. ओहोटी सुरू झाली होती. मिस्त्रींचा चेहरा उतरला. "आता राहिला तर वाळू गिळेल याला," ते म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दोर धरला. आमच्या वाड्यात होड्या ओढायला बायांनी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. एक म्हातारा ओरडला, "बायांचा हात न्हाय लागायचा!"

"ही काय होडी हाय?" सासूबाईंनी विचारलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "उभ्या काय? धरा!"

आम्ही सगळ्या धावलो. दोर तळहातात रुतत होता, पायाखालची वाळू सरकत होती. आरोळीवर आरोळी उठली, आणि अचानक ते प्रचंड अंग कण्हल्यासारखा आवाज करत ओंडक्यांवर चढलं. आपण ओढतोय आणि ते येतंय, यावर माझा विश्वासच बसेना. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढे शेडमधून वाफ निघू लागली. आम्ही सोलायचो, उकडायचो, डबे भरायचो. डब्यांत घातलेली कोळंबी महिनोन्‌महिने टिकते, हे मात्र सासूबाईंना पटत नव्हतं.

आषाढात समुद्र खवळलेला, चुलीवर नुसती आमटी. मिस्त्रींनी घरी चैत्रात भरलेला एक डबा पाठवला. नवऱ्याने सुरीने तो कापला. आत गुलाबी, भरदार कोळंबी, जणू आताच उकडून काढलेली. सासूबाईंनी वास घेतला, एक तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर वारा पत्रे उचकटत होता.

"चैताची चव हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "आक्खा चैत ठेवलाय आत."

कारखाना काही वर्षंच चालला. वाड्यात गोड्या पाण्याची एकच विहीर, बॉयलरसाठी उपसून उपसून तिचं पाणी मचूळ झालं, तेव्हा मालकांनी काम बंद केलं. मिस्त्री घरोघरी जाऊन सगळ्यांचा निरोप घेऊन निघून गेले. आम्ही हंडे घेऊन डोंगरातल्या झऱ्यावर जाऊ लागलो. दोन पावसाळे गेल्यावर विहिरीचं पाणी पुन्हा गोड लागलं. त्या दिवशी सासूबाईंनी काठावर नारळ फोडला आणि पहिली कळशी माझ्या हाती दिली.