मागची सीट

आमच्या गाडीची मागची सीट ह्यांनी काल काढून घेतली. तिच्या जागी आता प्लायवूडचा पलंग बसणार आहे. वर गादी, खाली शेगडीसाठी आणि पाण्याच्या कॅनसाठी खण. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनीच हिंडायचं, आवडेल त्या धरणाकाठी गाडीतच मुक्काम करायचा, असा बेत आहे. सीट टाकून देववेना, म्हणून गॅलरीत ठेवली.

आज दुपारी सहज तिच्यावर जाऊन बसले. समोरचा कडुनिंब वाऱ्यानं हलत होता. बघता बघता पानं मागं सरू लागली आणि वाटलं, आमची गॅलरीच सावकाश निघाली आहे. सीटच्या फटीत बोट गेलं तर एक चिंचोका हाताला लागला. मुलांनी कुठल्याशा घाटात खाल्लेल्या चिंचेचा असणार. मुलं मोठी होऊन लांबच्या शहरांत गेली. हा मात्र अजून आमच्याबरोबर प्रवास करत होता. तो पुन्हा फटीत ठेवून दिला.

तेवढ्यात हे चहाचे कप घेऊन आले आणि दारातच थांबले.

“अगं, अशी मधोमध काय बसलीस? खिडकीशी सरक की!”

खरंच की. मुलांची जुंपू नये म्हणून प्रत्येक प्रवासात मी दोघांच्या मध्ये बसायची. आजही दोन्ही बाजू त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या.

मी कडेला सरकले. कडुनिंबाचा वारा थेट तोंडावर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्या सीटवर मला खिडकी मिळाली होती, तीही गाडी नसताना.